भरवशाची टॉर्च

१

घड्याळजीच्या दुकानात चालू घड्याळ घेऊन कोणी येत नाही. बावीस वर्षं बंद पडलेल्या वस्तूंच्या सहवासात काढली की माणूस संशयी होतो, तसा हाही झाला होता. समोर येऊन थांबलेली बस आपलीच आहे ना, हे तो पाटी दोनदा वाचून ठरवायचा. असा माणूस रविवारी सकाळी पाठीला हवेच्या टाक्या बांधून डोहाखालच्या, पाण्यानं भरलेल्या गुहेत शिरतो, हे त्याच्या गिऱ्हाइकांना शपथेवर सांगितलं तरी पटलं नसतं. त्याचं म्हणणं मात्र सरळ होतं. गुहेत संशयी माणूसच टिकतो; धिटांच्या नावाची पाटी डोहाच्या काठावर लागते.

या वर्षीपासून त्याच्याबरोबर त्याचा मेव्हणा येऊ लागला होता. शाळेत चित्रकला शिकवणारा, सहा फूट उंच, दाराच्या चौकटीला हमखास डोकं आपटणारा. घरात त्याला अजून 'चिमण' म्हणत. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि घड्याळजीची बायको चौदाची. तिनंच त्याला न्हाऊमाखू घालून मोठा केला. त्यामुळे चिमण गुहेत जाणार म्हटल्यावर घरात आठवडाभर भांडी जरा जास्तच आपटली जात होती.

चिमणचं शिक्षण रीतसर झालं होतं. आजवर तो उसनी टॉर्च घेऊन जायचा, आता स्वतःची घ्यायची होती. गुहेत डोक्यावर आकाश नसतं, दगड असतो. दिवा गेला म्हणून सरळ वर येता येत नाही, आलेल्या वाटेनंच दोरी धरून परतावं लागतं. म्हणून प्रत्येकाजवळ तीन दिवे असतात, एक मुख्य आणि दोन राखीव. राखीव दोन चिमणकडे होते. मुख्य दिव्याच्या किमती ऐकून मात्र त्याचा चेहरा पडला होता, कारण चांगल्या दिव्याला मास्तरांचे दोन पगार लागत.

"टॉर्च तुम्ही निवडा," बायको म्हणाली. "त्याला काही कळत नाही. मागे पंखा आणला, तो वारा सोडून सगळं देतो."

"स्वस्त पण हवी आणि भरवशाची पण हवी," घड्याळजी म्हणाला. "दोन्ही एकत्र मिळणं कठीण असतं."

"मिळवा. आणि भरवशाच्या म्हशीला टोणगा नको. काही झालं तर मी टॉर्चला विचारणार नाही, तुम्हाला विचारीन." ती हे हसत म्हणाली, पण हातातला चमचा खाली ठेवून म्हणाली. घड्याळजीनं मान डोलावली. लग्नाला सतरा वर्षं झाली होती, आणि तिनं त्याच्याकडे मागितलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता आल्या असत्या.

२

पाणबुड्यांच्या सामानाचं दुकान टायरच्या गोदामामागे होतं. दुकानदारबाईंचा उजवा कान तरुणपणच्या बुड्यांत गेलेला, त्यामुळे त्या सगळ्यांशी भांडल्यासारख्या बोलत. मागच्या खोलीत टाक्यांत हवा भरणारं यंत्र धडधडत असे, त्याच्यावर आवाज काढायचा म्हणून गिऱ्हाईकही भांडल्यासारखं बोले. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, आत हातघाईची वेळ आली आहे.

बाईंनी काउंटरवर सात टॉर्च मांडल्या. चिमणनं सगळ्यांत मोठी उचलली.

"दाजी, ही बघा. अख्खी गुहा उजळेल!"

"अख्खी गुहा उजळून करायचंय काय? तिथं नाटकाचा प्रयोग आहे का?" घड्याळजीनं ती त्याच्या हातातून काढून घेतली. "उजेड पसरला की त्याचा ठिपका पडत नाही. ठिपका नसला तर बोलणार कशानं?"

पाण्याखाली तोंडात हवेची नळी असते, बोलायचं ते उजेडानंच. पुढच्या माणसाच्या बाजूच्या दगडावर ठिपका पाडायचा आणि तो सावकाश गोल फिरवायचा. अर्थ असा, की मी ठीक आहे, तू ठीक ना? पुढच्यानंही तसाच गोल फिरवायचा. तोच प्रश्न आणि तेच उत्तर. ठिपका आडवा, घाईघाईनं इकडून तिकडे हलला तर संकट. गोलाला गोलानं उत्तर द्यायचं म्हणजे द्यायचंच, नाहीतर विचारणारा सगळं सोडून मागे फिरतो. हे इतकं अंगवळणी पडतं की पाणबुडे रस्त्यात सायकलचा दिवा वळला तरी मनगट फिरवतात. चिमणला मात्र गोल जमत नसे. फळ्यावर खडूच्या एका फटक्यात वर्तुळ काढणारा हा मास्तर पाण्याखाली घाईत अंडी काढायचा.

घड्याळजीनं एकेक टॉर्च तपासली. बटणाची बाजूला केली, कारण ती पिशवीत दाबली जाऊन आपोआप पेटते आणि ऐन वेळी रिकामी निघते. चार्जिंगचं भोक असलेली बाजूला केली, कारण जिथं भोक तिथं पाणी. एक तळहातावर आपटली तर लुकलुकली, म्हणजे आतली स्प्रिंग ढिली. एकीचं रबरी कडं बोटांना कोरडं लागलं. शेवटी उरली ती करड्या रंगाची, वीतभर लांब, बाहेरून सरकणाऱ्या खटक्याची. अंगाला कुठं छिद्र नाही, ठिपका अरुंद आणि कडा रेखीव. आपटली, हलवली, कानाशी धरली, तिनं हूं का चूं केलं नाही. किंमत बाकीच्यांच्या निम्मी होती.

"निम्मी का?" घड्याळजीला लगेच संशय आला.

"खोका उंदरांनी खाल्लाय!" बाई ओरडल्या. "टॉर्च नाही खाल्ली! घरी न्या, भिजवा, जाळा, काय करायचं ते करा. पटली तर पैसे द्या!"

३

शुक्रवारी घड्याळजीचं दुकान बंद असे. सकाळी दहाला त्यानं बादली काठोकाठ भरून न्हाणीघरात ठेवली, टॉर्च पेटवून तिच्या तळाशी उभी केली आणि तिची दोरी बादलीच्या कडीला आवळून बांधली. टॉर्च किती तास जळते हे कंपनीच्या कागदावरून ठरवायचं नसतं, स्वतः घड्याळ लावून बघायचं असतं. कागदावर चार तास लिहिले होते.

"आणि मी आंघोळ कुठं करू?" बायको दारात उभी राहून म्हणाली. "टॉर्चला विचारू का, जरा सरकतेस का म्हणून?"

"दुपारपर्यंत कळ काढ. तुझ्याच भावासाठी चाललंय."

न्हाणीघराला खिडकी नव्हती. दार लावलं की भरदिवसा काळोख, आणि त्या काळोखात छतावर ताटाएवढी पांढरी चकती. घड्याळजी पाटावर बसून दर पाव तासानं वहीत वेळ लिहायचा आणि पुढे 'ठीक' असा शेरा मारायचा. वही दिसावी म्हणून हातात एक छोटी टॉर्च होती. नळ मधूनच टपकला की चकती थरथरायची आणि पुन्हा स्थिर व्हायची. वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची सरकवली. लिफ्टचं दार आपटलं. सगळं रोजचंच होतं, आणि त्याला जरा डुलकीही येत होती.

बारा पस्तीसला चकती हलली.

ती थरथरली नाही. छताच्या मधून निघून डावीकडे गेली, वरच्या पाइपाला शिवली, उजवीकडून खाली आली आणि होती तिथं येऊन थांबली. एक गोल. सावकाश, नीट काढलेला. सेकंदकाट्याबरोबर आयुष्य गेलेल्या माणसाला मोजावं लागत नाही. चार सेकंद लागले होते.

आणि घड्याळजीचा हात वर गेला. त्यानं ठरवून केलं नाही. छोट्या टॉर्चसकट मनगट फिरलं आणि छतावर मोठ्या चकतीशेजारी दुसरा, बारका, पिवळट गोल काढून झालासुद्धा.

"कोणाशी बोलताय आत?" बाहेरून बायकोनं विचारलं.

"कोणाशी नाही," तो म्हणाला. तोंडानं 'ठीक' म्हटलं होतं, हे त्याला तेव्हा कळलं.

त्यानं बादलीत वाकून पाहिलं. टॉर्च सरळ उभी होती. दोरी ताठ होती. पाणी काचेसारखं स्वच्छ आणि स्तब्ध होतं, नळही टपकत नव्हता.

लिफ्ट, तो मनाशी म्हणाला. लिफ्टनं इमारत हादरते. पण हादऱ्यानं वस्तू पुढंमागं हलते, गोल फिरत नाही. मग पाणी, दिव्यानं पाणी तापतं, तापलेलं पाणी वर चढतं, उजेड वाकवतं. वाकवतं, पण इतक्या शिस्तीत? गोलगोल हलणाऱ्या चाकांवरच त्याचं पोट चालत होतं, त्यामुळे या कारणावर त्याचा स्वतःचाच विश्वास बसेना. शेवटी त्यानं डुलकीला जबाबदार धरलं. त्याला ते पटलं नाही, पण पाटावर बसून पुढचे तास काढायचे तर काहीतरी कारण हाताशी हवंच होतं.

टॉर्च चार तास दहा मिनिटं पूर्ण तेजानं जळली. मग एकदम दगा न देता हळूहळू मंदावली, माणसाला सावध करून, पाऊण तास घेऊन विझली. असा दिवा दुप्पट पैसे मोजूनही मिळाला नसता.

४

शनिवारी त्यानं दुकान उशिरा उघडलं आणि पुन्हा बादली भरली. या वेळी कपडे धुण्याचं यंत्र मुद्दाम चालू ठेवलं. बायकोला लिफ्टनं चार वेळा वरखाली करायला लावलं. ती दोन वेळा गेली आणि तिसऱ्या वेळी खालीच मैत्रिणीशी बोलत राहिली. छतावरची चकती खिळा मारल्यासारखी स्थिर होती.

गिऱ्हाइकाचं घड्याळ एकदाच थांबलं आणि दुकानात आणल्यावर नीट चालू लागलं, तर घड्याळजी त्याला सांगायचा, "पुन्हा बंद पडलं तर आणा." एकदाच झालेल्या बिघाडाला बिघाड म्हणायचं नाही, हा धंद्याचा नियम होता. बावीस वर्षं त्यानं तो लोकांना ऐकवला, त्या दिवशी स्वतःला ऐकवला. आपण नेमकं काय दुरुस्त होण्याची वाट बघतोय, हे मात्र त्याला सांगता आलं नसतं.

वहीत बारा पस्तीसच्या पुढे त्यानं 'ठीक' लिहिलं आणि संध्याकाळी चिमणला फोन केला.

"पैसे देऊन टाक. भरवशाची आहे."

"तुम्ही म्हणताय म्हणजे असणारच," चिमण म्हणाला. "ताईला सांगा तेवढं."

५

रविवारी सकाळी आठला दोघं डोहाच्या काठावर तयार होऊन बसले. ऊन छान पडलं होतं. चिमण नव्या टॉर्चला हातातून सोडायला तयार नव्हता. तिची दोरी त्यानं मनगटात अडकवली होती आणि दगडावर ठिपका पाडून बघत होता.

"नियम सांग," घड्याळजी म्हणाला. हे तो दर वेळी विचारायचा.

"एक तृतीयांश हवा आत जायला, एक तृतीयांश बाहेर यायला," चिमणनं शाळेतल्या पोरासारखं म्हणून दाखवलं. "आणि उरलेला एक तृतीयांश माझा नाही. तो तुमचा."

"आणि माझा?"

"तो माझा. तुमच्या पाठीवर असला तरी."

आत जाताना चिमण पुढे, घड्याळजी मागे. परतताना उलटं: घड्याळजी पुढे, चिमण मागे. गुहा त्यांच्या ओळखीची होती. तोंडाशी हिरवट उजेड, मग दोन वळणं, मग काळोख, आणि भिंतीला धरून गेलेली पांढरी दोरी. चिमणच्या ठिपक्याची अंडी दर वळणाला दगडावर पडत होती आणि घड्याळजी त्यांना उत्तर देत होता. अडीचशे मीटरवर एक चिंचोळी जागा होती. तिथं पोट घासत जावं लागे आणि तळाशी पिठासारखा गाळ होता. पाय लागला की पाण्याचं दूध व्हायचं. ती पार केल्यावर थोड्याच वेळात चिमणनं अंगठा दाखवला. त्याची पहिली तृतीयांश हवा संपली होती. दोघं वळले.

चिंचोळ्या जागेतून घड्याळजी आधी निघाला. पलीकडे येऊन तो थांबला आणि मागे पाहिलं. चिमणचा पाय गाळाला लागला असणार, कारण मागचं सगळं पांढरं झालं होतं, आतून दिवा लावलेल्या ढगासारखं. चिमण उंच होता, त्याला तिथं वेळ लागायचाच. घड्याळजीनं घड्याळ पाहिलं. एक मिनिट झालं. दीड. आता परत आत शिरावं असं तो ठरवत असतानाच त्याच्या शेजारच्या दगडावर पांढरा ठिपका पडला आणि सावकाश गोल फिरला.

घड्याळजीनं गोल फिरवून उत्तर दिलं आणि पुढे निघाला. आज अंडं नव्हतं, चांगला रेखीव गोल होता. जमलं की शेवटी मास्तरांना, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला खरंच बरं वाटलं. हातात चांगली वस्तू असली की हातही सुधारतो.

पुढच्या वळणावर गोल आला. त्याच्या पुढच्या वळणावरही. मागचा उजेड एरवी चिमणच्या हाताबरोबर भिरभिरायचा. आज तो एका जागी धरल्यासारखा शांत होता. तिसऱ्या गोलाला घड्याळजीच्या आत कोणीतरी आपोआप मोजलं. चार सेकंद. चौथ्यालाही चार. पाचव्यालाही, ना कमी ना जास्त.

मागे वळून बघायला हवं होतं. पण मागे वळलं की समोरची टॉर्च डोळ्यांत जाते, डोळे दिपतात, हे तो चिमणला स्वतःच शिकवत आला होता. विचारणारा विचारतोय, उत्तर देणारा उत्तर देतोय, सगळं नियमाप्रमाणे चाललंय, मग वळायचं कशाला? हे कारण त्याला लगेच सापडलं, आणि लगेच सापडलेल्या कारणावर त्यानं त्या दिवशी पहिल्यांदाच संशय घेतला नाही.

६

तोंडाशी आल्यावर हिरवा उजेड दिसू लागला आणि घड्याळजी थांबला. तिथं थांबल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की कितीतरी वेळ आपल्याला एकाच माणसाचे बुडबुडे ऐकू येताहेत. गुहेत सोडलेला प्रत्येक श्वास छताला गडगडत जातो. दोन माणसं असली की दोन गडगडाट असतात, एकामागून एक. तो श्वास रोखून थांबला. पूर्ण शांतता पसरली.

मग तो वळला.

शेवटच्या वळणावरून टॉर्च येत होती. छातीच्या उंचीवर, किंचित खाली झुकलेली, दोरीच्या बाजूनं. माणूस धरतो तशीच. तिच्या मागे उजेड नव्हता, बुडबुडे नव्हते. बाहेरून येणाऱ्या हिरवट प्रकाशात मागची भिंत दिसत होती, भिंतीवरची दोरी दिसत होती, आणि त्या दोघांच्या मधे, जिथं सहा फुटांचा माणूस असायला हवा होता तिथं पाणी होतं. टॉर्चची मनगटात अडकवायची दोरी मात्र गोल ताणलेली होती, आत मनगट असल्यासारखी.

प्रवाह आहे, घड्याळजीनं मनाशी म्हटलं. त्या डोहात प्रवाह कधीच नसतो, हे त्याला माहीत होतं. टॉर्च चिमणच्या हातातून सुटली, तरंगत आली. ती टॉर्च तरंगत नाही, बुडते; त्यानंच दोन दिवस ती बादलीच्या तळाशी उभी केली होती.

टॉर्च दहा हातांवर थांबली. त्याच्या शेजारच्या दगडावर ठिपका आला आणि चार सेकंदांत गोल फिरला.

घड्याळजीचं मनगट फिरलं. त्यानं ते दुसऱ्या हातानं धरलं, पण तोवर उत्तर देऊन झालं होतं.

मग टॉर्च वळली. उजेड भिंतीवरून सरकत आत गेला आणि ती आलेल्या वाटेनं, दोरीच्या बाजूनं, परत निघाली. वळणापाशी जाऊन ती थांबली. तिचा ठिपका मागे आला, घड्याळजीच्या पायांपाशी दोरीवर पडला आणि तिथंच राहिला. आपण पुढे होऊन मागच्याची वाट बघतो तेव्हा असाच उजेड पाडतो.

घड्याळजीनं हवेचा काटा पाहिला. निम्म्याहून जास्त हवा शिल्लक होती, चिमणचा एक तृतीयांश त्यात जसाच्या तसा होता. चिमणपर्यंत जायला आणि त्याला घेऊन यायला तेवढी पुरते. त्यासाठीच तर ती असते. ती त्याची नव्हतीच.

त्यानं दोरी सोडली आणि तो वर गेला.

७

काठावरच्या दगडावर तो अकरा मिनिटं बसला. ऊन तसंच होतं. समोरच्या झाडाखाली एक बाई कुत्र्याला पाणी पाजत होती. घड्याळजीला सारखं वाटत होतं की आता उठायचं, नळी तोंडात घालायची आणि उतरायचं. एकदा त्यानं नळी तोंडात घातलीही. एकाचे दोन बुडू नयेत असाही नियम आहे, असं त्यानं स्वतःला सांगून पाहिलं. तो नियम हवा नसलेल्यासाठी आहे, हे त्याला ठाऊक होतं. त्याला भीती वाटत होती, दुसरं काही नाही, आणि बायकोसमोर जाऊन काय सांगायचं ही भीतीसुद्धा त्या पहिल्या भीतीपेक्षा लहान होती. याची त्याला इतकी लाज वाटली की त्यानं डोळे मिटून घेतले.

बाराव्या मिनिटाला पाणी फुटलं आणि चिमणचं डोकं वर आलं.

"दाजी!" त्यानं नळी थुंकली आणि खोकत हसू लागला. "दाजी, मेलो होतो हो मी आज!"

घड्याळजीनं त्याला दोन्ही हातांनी ओढून काठावर घेतलं. चिमणचं बोलणं थांबत नव्हतं.

"त्या चिंचोळ्या जागेत दोरी टाकीच्या तोटीत अडकली. हलताच येईना, आणि सगळं दूध झालेलं. टॉर्च आडवी हलवतोय, हलवतोय... तेवढ्यात तुम्ही हात पुढे केलात. म्हटलं, आले दाजी. टॉर्च तुमच्या हातात दिली, म्हणजे माझे दोन्ही हात मोकळे. तर तुम्ही टॉर्च घेऊन निघूनच गेलात! काय शिव्या घातल्या मी तुम्हाला, सांगतो. मग लक्षात आलं, पुढची वाट मोकळी आहे का ते बघायला गेले असतील. राखीव दिवा लावला, पण त्या दुधात काय दिसतंय? पडून राहिलो. आणि परत आलात. मागून दोरी सोडवलीत, इथं दंडाला धरलंत आणि ढकलत ढकलत आणलंत. एकदासुद्धा हात सोडला नाहीत."

तो दंड चोळत होता. मग त्याची नजर घड्याळजीच्या काट्यावर गेली.

"एवढं जाऊन येऊन तुमची एवढी हवा शिल्लक? काय छाती आहे तुमची!"

"चिमण," घड्याळजी म्हणाला. "टॉर्च कुठंय?"

"म्हणजे काय? तुमच्याकडेच दिली ना."

दोघांनी पाण्याकडे पाहिलं. चिमणनं सहज पाहिलं. घड्याळजीनं लगेच नजर काढून घेतली.

८

दुपारी जेवायच्या टेबलावर चिमणनं सगळी गोष्ट ताईला पुन्हा सांगितली, हातवारे करून, पाण्याचा तांब्या टाकी म्हणून वापरून. ती ऐकताना तिचा घास हातातच राहिला होता. गोष्ट संपल्यावर ती उठली, भावाच्या पाठीत एक धपाटा घातला, मग त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि नवऱ्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"तुम्ही परत गेलात," ती म्हणाली. "परत गेलात त्याच्यासाठी."

"मी गेलो नव्हतो," घड्याळजी म्हणाला.

चिमण मोठ्यानं हसला. "बघ, ताई! आता असं बोलणार. दुकानातसुद्धा असेच, घड्याळ दुरुस्त करून देतात आणि म्हणतात, मी काही केलं नाही, आपलं आपण चाललं."

"खरं सांगतोय. मी वर बसलो होतो. दगडावर."

"हो, आणि मला तुमच्या भुतानं आणलं," चिमण म्हणाला आणि ताटातली कोशिंबीर संपवू लागला.

बायको हसली नाही. तिनं नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं. असं तिनं किती वर्षांत पाहिलं नव्हतं, ते त्याला आठवेना. अजून एकदा सांगायला हवं होतं. आवाज चढवून, शपथ घेऊन, न्हाणीघरातल्या बारा पस्तीसपासून सगळं. तो हात खांद्यावरून उतरला असता आणि ती नजर गेली असती, एवढंच झालं असतं. घड्याळजीनं पाण्याचा पेला उचलला आणि तो हळूहळू, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

"टॉर्चचं तेवढं वाईट झालं," बायको म्हणाली. "नवी कोरी. आता पुन्हा घ्यायची म्हणजे पुन्हा खर्च."

"नवी कशाला?" चिमण म्हणाला. "दाजींच्या हातातून सुटली असेल, आतच पडलीय कुठंतरी. पुढच्या रविवारी जाऊन घेऊन येऊ. हो ना, दाजी?"

"जाऊन या," बायको म्हणाली. तिनं नवऱ्याच्या ताटात पोळी वाढली. "आता मला काही काळजी नाही. आत तुम्ही असणार त्याच्याबरोबर."

घड्याळजीनं मान डोलावली. दोघा भावंडांनी निघायची वेळ ठरवली, सकाळी आठची.